काठोकाठ भरलेली सृष्टी आणि बेटांवरचे ओढे

जिवाला राहता येईल अशी एकही जागा सृष्टीत रिकामी नाही, ही समजूत फार जुनी आहे. पुराणपरंपरेने तर चौऱ्यांशी लक्ष योनींची वाटणीच करून ठेवली आहे: जलचर 9 लक्ष, स्थावर 20, कृमी 11, पक्षी 10, पशू 30 आणि माणसे 4. ग्रीक परंपरेत प्लेटोच्या ‘टिमियस’मध्ये हाच विचार दुसऱ्या वाटेने येतो. सृष्टीचा कर्ता चांगला आहे आणि त्याच्या ठायी मत्सर नाही; मग जे जे असू शकते ते सारे त्याने निर्माण केलेच असणार. आर्थर लव्हजॉय यांनी 1936 मध्ये ‘द ग्रेट चेन ऑफ बीइंग’ या ग्रंथात या पूर्णतेच्या कल्पनेचा दोन हजार वर्षांचा प्रवास मांडला. आजवर तिची चर्चा बहुतेक बसल्या जागी झाली आहे. वास्तविक ती ओढ्याच्या पाण्यात उतरून तपासता येते आणि उष्ण कटिबंधातली बेटे त्यासाठी फार सोयीची आहेत.

तपासणीला कॅडिसफ्लाय हा कीटक घ्यावा. पतंगांच्या या जवळच्या नातेवाइकांच्या सोळा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. अळीचे आयुष्य गोड्या पाण्यात जाते. अनेक जातींची अळी वाळूचा एकेक कण पुढच्या पायांत फिरवून पाहते, जमला तर तोंडातून निघणाऱ्या रेशमाने चिकटवते, नाही तर टाकून देते. असे करत स्वतःभोवती नळी बांधते. हेलिकोप्सायकी या प्रजातीची नळी तर गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली असते. 1834 मध्ये एका अमेरिकी शंखतज्ज्ञाने ती गोगलगाय समजूनच नोंदवली होती! प्रौढ कीटक मात्र अल्पायुषी असतो आणि त्याची उडण्याची ताकदही बेताची. अंडी आणि अळ्या खाऱ्या पाण्यात तग धरत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे एक छोटे कुळ तेवढे समुद्रकाठी राहते, आणि त्यातली एक जाती चक्क तारामाशाच्या पोटात अंडी घालते. बाकी साऱ्यांना समुद्र म्हणजे भिंतच.

श्रीलंकेत ही भिंत नव्हती. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली की पाल्कच्या सामुद्रधुनीतून जमीन उघडी पडे आणि बेट भारताला जोडले जाई. तिथल्या मध्यवर्ती डोंगरांतल्या ओढ्यांतून कीटकशास्त्रज्ञ फर्नांड श्मिड यांनी 1950 च्या दशकात कॅडिसफ्लाय गोळा केले. त्यांत विज्ञानाला नवीन असलेल्या जाती भरपूर निघाल्या, आणि त्यांपैकी बऱ्याच बेटाबाहेर कुठेच नाहीत. पूर्णतेचा पुरस्कर्ता श्रीलंकेवर थांबला, तर त्याचे समाधान होईल.

हवाई बेटांवर त्याची अडचण होते. सर्वांत जवळचे खंड तिथून 3,500 किलोमीटरहून दूर आहे. डोंगरात पाऊस मुबलक, ओढे बारमाही, पाणी थंड आणि खळाळते. कॅडिसफ्लायला याहून चांगले घर सापडायचे नाही. तरीही या बेटांवर मूळची एकही जाती नाही. ओढ्यांत वाढणारे दुसरे कीटक, मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय, तेही नाहीत. विसाव्या शतकात माणसांबरोबर कॅडिसफ्लायच्या तीन परक्या जाती तिथे पोचल्या आणि रुजल्या. त्यांतली एक आज ओढ्याओढ्यांत विपुल आहे. म्हणजे जागा राहण्याजोगी होती आणि तरी लाखो वर्षे मोकळी होती. नेमका हाच युक्तिवाद डार्विनने 1859 मध्ये ‘ओरिजिन’मध्ये बेडकांबाबत केला होता. दूरच्या सागरी बेटांवर बेडूक नव्हते. माणसाने मदेरा, अझोर्स, मॉरिशसवर नेऊन सोडले, तर ते उपद्रव वाटावा इतके वाढले. निर्मात्याने त्या बेटांसाठी वटवाघळे केली आणि बेडूक का केले नाहीत, या प्रश्नाला उडता येणे-न येणे याखेरीज समाधानकारक उत्तर नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो: मोकळी जागा दुसऱ्या कुणी भरली असेल. काही अंशी तसे घडलेही आहे. हवाईत हायपोस्मोकोमा नावाच्या चिमुकल्या पतंगांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांच्या अळ्याही रेशमाची नळी विणून तिच्यात राहतात. मूळच्या जमिनीवरच्या या वंशातल्या काही शाखा किमान तीन वेळा, एकमेकींपासून स्वतंत्रपणे, पाण्यात शिरल्या. त्या अळ्या वाहत्या पाण्यात रेशमाच्या धाग्याने दगडाला स्वतःला बांधून घेतात आणि कोरड्यातही तितक्याच सुखाने जगतात. त्यांना कल्ले नाहीत, म्हणून प्राणवायूने भरलेले खळाळते पाणीच त्यांना मानवते. टाचण्यांची, म्हणजे चतुरांच्या नाजूक नातेवाइकांची, गोष्ट याच्या उलट आहे. मेगालॅग्रियॉन प्रजातीच्या वीसहून अधिक जाती एकाच पूर्वजापासून झाल्या. त्यांतल्या काहींची पिल्ले झाडांच्या पानांच्या बेचक्यांत साचलेल्या पाण्यात वाढतात, आणि एकीची तर ओढा सोडून ओलसर पालापाचोळ्यात. पण हे भरणे म्हणजे आले त्यांनी हाताशी होते त्यावर भागवणे. कॅडिसफ्लायची जागा पुरती भरलेली असती, तर परक्या तीन जातींना इतक्या सहज शिरकाव मिळाला नसता.

म्हणून काय खोटे ठरते हे नीट पाहायला हवे. विल्यम पेलीने 1802 मध्ये मांडलेला ईश्वराचा पुरावा जीव आणि त्याची जागा यांच्या चपखल जुळणीवर उभा आहे. त्याला बेटे अडचणीत आणतात. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’ला मात्र ती शिवतही नाहीत. त्यांचे अनुमान जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा, एवढ्यावरच आहे. कार्य काठोकाठ भरलेले असावे अशी अट त्यात नाही. ब्रह्मसूत्रांतली लीला किंवा ‘अमृतानुभवा’तला चिद्विलास यांनाही रिकाम्या ओढ्याने बाध येत नाही, कारण खेळाला हिशेब पुरा करण्याची सक्ती नसते. जैन दर्शनात तर जगाचा कर्ताच मानलेला नाही. चौऱ्यांशी लक्षांचा आकडाही मनुष्यजन्म किती दुर्लभ हे सांगण्यासाठी आहे. त्याची विज्ञानाच्या यादीशी बेरीज जुळवत बसणे हे दोन्हींचे अवमूल्यन आहे. खोटी ठरते ती फक्त पूर्णता.

आणि ती निरुपद्रवी चूक नव्हती. जीवांच्या अखंड साखळीतला एक दुवा जरी गळला तरी सृष्टी मोडेल, म्हणून कोणतीही जाती नष्ट होऊच शकत नाही, असे अठराव्या शतकातल्या थॉमस जेफरसनसारख्या विचारवंतालाही वाटत होते. जाती मात्र नाहीशा होऊ शकतात, हे हवाईतच दिसते. 1905 मध्ये डास खाण्यासाठी टेक्सासहून हवाईत मासे आणून सोडले. अशा परक्या माशांनी सखल भागातल्या टाचण्यांची पिल्ले फस्त केली. मेगालॅग्रियॉन पॅसिफिकम ही टाचणी ओआहू आणि कवाई या बेटांवरून नाहीशी झाली. 2010 मध्ये अमेरिकी सरकारने तिला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले.