सरकारी खर्चाची निवडणूक आणि जालन्याचा अपक्ष

मार्च २०२३ मध्ये गेवराई पायगाचे सरपंच मंगेश साबळे यांनी फुलंब्री पंचायत समितीसमोर दोन लाखांच्या नोटा उधळल्या. विहिरींची अनुदान प्रकरणं मंजूर करायला पैसे मागतात, हा त्यांचा आरोप. फुलंब्री तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला, पण लोकसभेला जालन्यात मोडणारा. पुढच्याच वर्षी साबळे जालन्यातून अपक्ष लढले आणि दीड लाखावर मतं घेऊन तिसरे आले. काँग्रेसचे कल्याण काळे यांनी भाजपच्या रावसाहेब दानवेंना हरवलं ते सुमारे एक लाख दहा हजारांनी. साबळेंची मतं त्याहून जास्त. तरी एक षष्ठांश मतं न भरल्यानं ती अनामत वाचवायला पुरणारी नव्हती.

निवडणुकीचा खर्च सरकारनं उचलावा, ही मागणी जुनी आहे. १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीनं ती उचलून धरली, पण मदत रोख नको, वस्तुरूपात हवी आणि ती फक्त मान्यताप्राप्त पक्षांना, असं सुचवलं. अपक्षांना काही नाही. म्हणजे हे लागू असतं, तर जालन्यात काळे आणि दानवे यांच्या प्रचाराला सरकारी हातभार, आणि त्यासाठी कर भरणाऱ्यांत साबळेंचे मतदारही!

सरकार आटोपशीर असावं म्हणणारे इथे खर्चाकडे बोट दाखवतात. मला तो आक्षेप लंगडा वाटतो. लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा मोठ्या राज्यांत ९५ लाख; देशाच्या अर्थसंकल्पापुढे ही चिल्लरच. खरी भीती वेगळी आहे. कोण मदतीला पात्र, हे सत्तेतलेच ठरवणार. १९८९ पासून नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते, समाजवादाला विरोध करायलाच निघालेल्या पक्षालाही. असा दारवान उद्या तिजोरीवर बसवायचा?

गंमत म्हणजे लायसन्स-परमिट राजवर तुटून पडणारे, स्वतंत्र पक्षाचे राजाजी निवडणूक-खर्चाचा भार मात्र सरकारनं घ्यावा असं म्हणत. त्यांना थैलीशाहीची धास्ती होती, आणि ती रास्त होती. खासगी देणगी म्हणजे खुला बाजार नव्हे. देणाऱ्याला पुढे कंत्राट हवं असतं. उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. निवडणूक रोख्यांनी तर देणाऱ्याचं नावच झाकलं; फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती योजना रद्द केली. शिवाय पक्षांचं उत्पन्न करमुक्त, म्हणजे मागच्या दारानं सरकारी मदत चालूच आहे.

तेव्हा आकाशवाणीवरचा वेळ, सभेचं मैदान, मतदारयाद्या अपक्षासकट सर्वांना द्या. पैसा कोणालाच नको. पण त्यानंही मूळ दुखणं हटत नाही. विहिरीची मंजुरी साहेबाच्या मर्जीवर असेल, तर ती मर्जी हाताशी ठेवण्यासाठी निवडणुकीत पैसा ओतला जाणारच. मग अनुदानच बंद करा, असं आटोपशीर सरकारवाल्यानं बदनापूर-भोकरदनच्या कोरडवाहू शेतकऱ्याला सांगून पाहावं. मर्जी काढून घ्यायची आणि विहीर ठेवायची, एवढं जरी त्यांना जमलं, तरी इकडचा मतदार त्यांचं ऐकून घेईल.