न विचारलेली खोड

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजोबांनी एक बैल बेल्ह्याच्या बाजारात विकायला नेला होता. मीही बरोबर होतो. गिऱ्हाइकानं दात बघितले, पाठीवर हात फिरवला, चालवून पाहिला. उपरण्याखाली बोटं धरून भाव झाला. पैसे मोजायची वेळ आली तेव्हा आजोबा म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. हा चिखलात बसतो. आत्ता कळायचं नाही, पावसाळ्यात कळंल." गिऱ्हाइकानं पैसे परत खिशात घातले. पुन्हा उपरणं, पुन्हा बोटं, आणि बैल बराच स्वस्तात गेला. घरी आल्यावर आजी म्हणाली, "पण त्यानं विचारलं होतं का?" आजोबा काही बोलले नाहीत. पाय धुतले आणि जेवायला बसले.

आजीचा हा प्रश्न मला पन्नाशीत पुन्हा भेटला. या वेळी बैल नव्हता, जुना टेम्पो होता.

टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या मार्केटला न्यायला दरवेळी भाड्याची गाडी परवडेना, म्हणून चुलत बहिणीच्या नवऱ्याकडून, म्हणजे आमच्या दाजींकडून, एक छोटा पेट्रोल टेम्पो घेतला. २०२० सालानंतरचा, बीएस-६. नात्यातला व्यवहार, म्हणून फार खोलात गेलो नाही. घरी आल्यावर नारळ फोडला आणि सवयीनं वहीत काट्याचा आकडा लिहून ठेवला : ६१,३४०.

चौथ्या दिवशी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

आमचा मिस्त्री पोरगेला आहे, पण हुशार. त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. कोड आला पी-०४२०. "काका, कन्व्हर्टर कमी पडतोय म्हणतीय गाडी." मी म्हणालो, "म्हणजे गेला?" तो म्हणाला, "तसं कुठं म्हणतीय? काम कमी होतंय एवढंच म्हणतीय. का होतंय ते आपण शोधायचं."

मग त्यानं समजावून सांगितलं. सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा असतो. त्यात मधाच्या पोळ्यासारखं चिनी मातीचं जाळं आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर. इंजिनातून आलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या जाळ्यातून जाताना बदलतात. पलीकडे निघते ती बहुतेक पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि साधा नायट्रोजन. डब्याच्या अलीकडे एक ऑक्सिजन सेन्सर, पलीकडे दुसरा. अलीकडचा सारखा खालीवर नाचतो. डबा धडधाकट असेल तर पलीकडचा बराचसा शांत राहतो. पलीकडचाही अलीकडच्यासारखा नाचू लागला, की गाडी समजते, मध्ये काही काम होत नाही.

पण पलीकडचा सेन्सर इतर कारणांनीही नाचतो. सायलेन्सरला भोक पडून बाहेरची हवा आत आली तरी, किंवा सेन्सरच बिघडला तरी. म्हणून मिस्त्रीनं आधी जोड तपासले. एका गॅस्केटशी काजळी दिसली, ते बदललं. मग दुसरा कोड दाखवला, पी-०३०३. तिसरा सिलिंडर मिसिंग मारत होता. "खरं दुखणं हे आहे. तिथलं पेट्रोल न जळता पुढं जातं आणि डब्यात जाऊन पेटतं. त्या आचेनं जाळं वितळतं. डबा बिचारा शेवटी बसलाय, सगळ्यांचं निस्तरतो आणि नाव त्याचंच येतं."

प्लग आणि कॉइल बदलली. मिसिंग थांबलं. तरी पलीकडचा सेन्सर नाचतच राहिला. जाळं जायचं तेवढं गेलं होतं. नव्या कन्व्हर्टरची किंमत ऐकली, तर दोन तोड्यांचे पैसे.

स्कॅनर काढता काढता मिस्त्री म्हणाला, "काका, हा आकडा बघा." कोड पुसल्यापासून गाडी किती धावली, ते काही गाड्यांचा संगणक मोजून ठेवतो. आकडा होता २१२ किलोमीटर. मी वही काढली. गाडी घेतल्यापासून माझं धावणं झालं होतं १८६. उरले २६. दाजींच्या गावापासून आमचं घर २४ किलोमीटर. वरचे दोन त्यांच्या गावातल्या गॅरेजचे. म्हणजे ज्या सकाळी मी नारळ फोडला, त्याच सकाळी दिवा पुसला होता. कोड पुसला की गाडी लगेच बोलत नाही. इंजिन पुरतं तापलं, ठराविक वेग मिळाला की ती पुन्हा तपासते, आणि लागोपाठ तेच उत्तर आलं की दिवा लावते. तेवढे दिवस विकणाऱ्याचे.

मी तडक दाजींकडे गेलो. त्यांनी नाकारलं नाही. चहा आला. म्हणाले, "पाव्हणं, पोरीची फी भरायची होती. दिवा लागलेली गाडी कोण घेतंय? आणि खोटं तर मी काही बोललो नाही. तुम्ही विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं." बहीण दारात उभी होती. मी चहा पिऊन परत आलो.

रस्ताभर राग होता, पण त्यांच्या बोलण्याला उत्तर सापडत नव्हतं. खोटं ते खरंच बोलले नव्हते. त्यांनी फक्त जे बोलणार होतं त्याचं तोंड बंद केलं होतं.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला जड जातेय.

मिस्त्रीनं दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, जाळं फोडून काढायचं आणि मागच्या सेन्सरला नळीचा तुकडा लावून फसवायचं, म्हणजे दिवा कधीच लागणार नाही. ती मी नको म्हणालो. दुसरी, कोड पुसायचा आणि गाडी विकून मोकळं व्हायचं. शेजारच्या गावातला एक पोरगा गाडी बघायला येणार होता. त्या सकाळी मी मिस्त्रीला म्हणालो, "पूस एकदा. बघू तर खरं येतोय का परत." मनाला सांगितलं, तपासणीसाठी पुसतोय. मिस्त्री हसला नाही, हे त्याचे उपकार.

तसाच पहाटे मार्केटला गेलो. गाड्यांची रांग लागलेली. माझी गाडी चालूच होती. तिच्या मागे, सायलेन्सरच्या उंचीला, तीन-चार हमाल पोत्यांवर टेकून बसले होते. धूर दिसत नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. उघड्यावर तो विरतो हे मला माहीत होतं. पण जो डबा त्यांच्यासाठी बसवलेला होता, तो काम करत नाही हेही मला माहीत होतं, आणि त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. ते कधी विचारणारही नव्हते. मी गाडी बंद केली.

तिथंच दाजींच्या बोलण्याचं उत्तर मिळालं. 'विचारलं असतं तर सांगितलं असतं' हे ज्याला विचारता येतं त्याच्यापुरतं ठीक आहे. पण काय विचारायचं हेच ज्याला ठाऊक नाही, त्यानं काय करायचं? चिखल नसताना चिखलाचं कुणाला सुचतं? जे फक्त आपल्यालाच माहीत आहे, ते सांगायचं काम दुसऱ्याच्या प्रश्नावर कसं ढकलता येईल?

दुपारी पोरगा आला. टायर बघितले, बॅटरी बघितली, कागदपत्रं आणि चासी नंबर ताडून पाहिला. भाव जवळजवळ जमला. दिव्याचं विचारलं नाही, कारण दिवा नव्हता. मी म्हणालो, "बाळा, एक सांगायचं राहिलं." सगळं सांगितलं, सकाळी पुसल्याचंही. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फोन करतो." फोन आला नाही.

मंडळी म्हणाली, "त्यानं विचारलं होतं का?" मला आजोबांची आठवण झाली. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं म्हणून ते गप्प बसले, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

पाचव्या दिवशी दिवा परत आला. त्या हंगामाच्या शेवटी दोन तोड्यांचे पैसे बाजूला काढून कन्व्हर्टर बदलला. दाजींशी बोलणं आहे, पण जरा कमी. त्यांच्यावर पूर्वीइतका राग धरता येत नाही. एका सकाळपुरता का होईना, मीही दिवा पुसून गिऱ्हाइकाची वाट बघितली होती.