परमुलखातील मृगया

आमच्या फडावरील एका माळकरी गृहस्थांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. गेल्या कार्तिकीनंतर त्याने विचारले, "बुवा, इथले सोबती परराज्यात एल्क आणि अस्वलाच्या शिकारीला निघालेत, मलाही ओढतायत. कोलोराडो, वायोमिंग, मॉन्टाना की आयडाहो, यावर रोज खल चालतो. मी गेलो तर पाप का? आणि जायचेच झाले तर कोठे जावे?"

वाचून आमचे डोके फिरले. बापाच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि पोराने कीर्तनकाराला शिकारीचे रान विचारावे! पण सज्जनहो, रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, हा न विचारताही गेला असता. विचारतो आहे, म्हणजे आत काही जागे आहे. पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर दोन शब्दांचे: जाऊ नकोस. दुसरा प्रश्न मात्र आम्ही उडवून लावला, तितका पोकळ नाही.

आदिपर्वातील पांडुराजाची कथा आपण ऐकलेली आहे. मृगरूपाने विहार करणाऱ्या किंदम ऋषीला त्याने बाण मारला. मरताना ऋषी काय म्हणतो? राजा, तू मृग मारलास ही माझी तक्रार नाही, ते तर राजे करतातच. आम्ही मैथुनात असताना मारलेस, हे क्रौर्य. म्हणजे ज्या काळी मृगया हा राजधर्म होता, त्या काळीही कोणत्या वेळी आणि कशा रीतीने, हा विचार होता.

आता तिकडचे पाहा. (ही माहिती आम्ही त्याच्याकडूनच मागविली.) एल्क हा आपल्या सांबराहून थोर मृग, काश्मिरी हंगुलाच्या गोत्यातला, नर तीनशे किलोच्या आसपास भरतो. भाद्रपद-आश्विनात, म्हणजे त्यांच्या सप्टेंबरात, तो माजावर येतो आणि डोंगरभर शीळ घातल्यासारखा ओरडतो. धनुष्यबाणाच्या शिकारीचा मोसम नेमका तेव्हाच. शिकारी मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावतात. कोलोराडोच्या पश्चिम भागात परराज्यातल्यांना या मोसमाचा परवाना पूर्वी सरळ दुकानात मिळे. २०२५ पासून त्यासाठी सोडतीत नाव घालावे लागते. सोबत्यांना त्याचा राग. आम्हांस किंदम आठवला.

अस्वलाचे तर याहून निराळे. अस्वलीण भर हिवाळ्यात गुहेत विते आणि वसंतात पिले घेऊन बाहेर पडते. कोलोराडोच्या मतदारांनी १९९२ साली मत देऊन अस्वलाची वसंतातली शिकार, आमिष मांडणे आणि कुत्री सोडणे तिन्ही बंद केले. आयडाहोच्या बऱ्याच भागांत मात्र आमिषाला मुभा आहे. शिळा पाव, चरबी, गोडधोड मांडायचे आणि जवळ दबा धरून बसायचे. सोबत्यांचा कल तिकडेच, कारण तेथे हमखास मिळते म्हणतात. भुकेल्या जिवापुढे अन्न ठेवून त्याला मारणे! अन्नदानाच्या पंगती ज्याने लहानपणी वाढल्या, त्याने तेथे कसे बसावे?

वायोमिंगात ठरावीक निबिड रानांत परवानाधारक वाटाड्या किंवा तिथला रहिवासी बरोबर असल्याशिवाय परक्याला मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. मुलगा म्हणतो, हा वाटाड्यांचे पोट भरण्याचा कायदा. असेलही. पण पाहुण्याला पाणवठा कोठे, दरी कोठे उतरते, काय ठाऊक? घायाळ मृग झाडीत शिरला तर शोधणार कोण? आणि पाडलेच, तर एवढे मांस रस्त्यापर्यंत पाठीवर वाहायचे. रानात कुजत टाकणे तेथेही गुन्हा आहे.

त्याने आम्हांलाही पेचात धरले. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्य जिवांच्या रक्षणास जातो. शिवाय दुकानातले मांस तो खातोच, ते कोणी मारले हे कोणी पुसत नाही. करकायद्याचे खरे आहे, पण त्या पावतीने हिंसा फिटत नाही. दुसऱ्या बोलण्याने आम्ही खरोखर अडलो. मिथिलेचा धर्मव्याध मांस विकी, स्वतः मारीत नसे. तरी त्याने स्वतःला निर्दोष म्हटले नाही. नांगराखालीही जीव मरतात, असे तो कौशिक ब्राह्मणाला ऐकवतो. आमच्या ताटातली भाकरीही त्यातून सुटत नाही. फरक एवढाच की नांगरणारा किड्यावर नेम धरीत नाही.

शेवटी आम्ही कळविले: आमची संमती नाही, मागू नकोस. संमतीशिवाय जाणार असशील, तर अस्वलाचा परवाना काढू नकोस. आमिषाच्या मुलखात पाऊल टाकू नकोस. माजाचा महिना टाळ. आणि ते रान जाणणारा माणूस बरोबर नसेल, तर बंदूक उचलू नकोस. हे लिहिले ते बरे केले की वाईट, आम्हांस अजून निश्चित सांगता येत नाही. एक वृद्ध सहकारी म्हणाले, "बुवा, तुम्ही वाटाड्या झालात." बोल लागला.

त्याचे उत्तर आले आहे. अस्वल सोडले, आयडाहोही सोडले. कोलोराडोत ऑक्टोबराच्या अखेरीस जायचे की नाही, ते ठरत नाही. खाली एक ओळ: "बाबांना मी सांगितलेले नाही. तुम्ही वारीत सांगाल का?" येत्या आषाढीला ते गृहस्थ आमच्याच दिंडीत, वीणेकऱ्याच्या मागच्या रांगेत चालतील.