छायाचित्राची साक्ष

विवाहविधीला छायाचित्राची गरज नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. अग्नी साक्षीला असतो. आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे वधूवरांनी अग्नीसमोर सातवे पाऊल टाकताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो, असे मानले आहे. त्या क्षणी कॅमेरा बंद पडला असता तरी धर्माच्या किंवा कायद्याच्या दृष्टीने काही उणे राहिले नसते. असे असता, लग्न पार पडून पाहुणे आपापल्या गावी परतले की आमच्या कोल्हापुरातील राजारामपुरीच्या घरांत, फोटो घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापावेत की लॅबकडे द्यावेत, यावर जी चर्चा होते ती इतक्या जिव्हाळ्याने का व्हावी? प्रश्न केवळ खर्चाचा असता तर हिशेबाच्या वहीने तो केव्हाच निकालात काढला असता. ही चित्रे आपण कोणासाठी ठेवतो, हा त्याच्या तळाशी असलेला खरा प्रश्न आहे.

आपल्या नैयायिकांनी स्मृतीचा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. अनुभव सरतो, पण त्याचा संस्कार आत्म्याच्या ठायी सुप्त राहतो आणि काही निमित्त घडले की जागा होऊन स्मृतिरूपाने प्रकटतो. न्यायसूत्रांत अशा निमित्तांची जी लांबलचक यादी दिली आहे तीत सादृश्याचाही समावेश आहे. लग्नाचा फोटो हे असेच सादृश्यरूप निमित्त होय. वधूच्या आजीला साध्या कागदावरचा, किंचित निळसर पडलेला छाप दाखवा. अंतरपाट धरलेल्या हाताची केवळ बोटे त्यात दिसली तरी मंगलाष्टकांचा सूर, अक्षतांचा वर्षाव आणि मुंडावळ्यांआडचे नातीचे डोळे तिला जसेच्या तसे आठवतात, कारण संस्कार तिच्यापाशीच आहे. तिच्यासाठी घरचा छाप पुरेसा आहे. किंबहुना तो दुसऱ्याच दिवशी तिच्या हाती पडतो म्हणून अधिक श्रेयस्कर आहे.

परंतु जो अद्याप जन्माला आलेला नाही, त्याच्यापाशी कोणता संस्कार असणार? तीस वर्षांनी तो अल्बम उघडील तेव्हा ते चित्र त्याला काही आठवून देणार नाही. ते त्याला प्रथमच काही सांगेल. म्हणजे त्याच्यापुरते छायाचित्र स्मृतीचे निमित्त न राहता शब्दप्रमाणाच्या आसनावर जाऊन बसते, आणि तेथे आप्ताची कसोटी लागू होते: वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगू इच्छिणारा तो आप्त. ही कसोटी कागदाला आणि शाईलाही लावली पाहिजे, असे माझे मत आहे.

लॅबमध्ये चांदीच्या क्षारांचे थर दिलेल्या कागदावर प्रकाशाने चित्र उमटवतात. पुढे रसायनांत चांदी निघून जाते आणि जिलेटिनमध्ये रंगद्रव्ये तेवढी मागे राहतात. इंकजेटमध्ये काही पिकोलिटर आकाराचे, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागात मोजायचे, शाईचे थेंब कागदावर पडतात. ही शाई विरघळलेल्या रंगाची असेल तर प्रकाशाने आणि हवेतील ओझोनने ती लवकर फिकी पडते. घनकणांची असेल आणि कागद उत्तम असेल तर ती लॅबच्या प्रतीहूनही अधिक टिकू शकते. तेव्हा लॅबचे तेवढे टिकाऊ, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. तथापि घरोघरी असणारी स्वस्त यंत्रे बहुधा पहिल्या जातीच्या रंगांची असतात, महिनोन्महिने न वापरल्याने त्यांची छिद्रे सुकतात, आणि कोल्हापूरचा पावसाळा अशा कागदांवर दया करीत नाही.

म्हणून मी लॅबच्या बाजूचा. पण एका अटीवर. पुष्कळ ठिकाणी छपाईपूर्वी चेहरे उजळ करण्याचा रिवाज पडला आहे. सावळ्या वधूला गोरी करून छापणे हे मला शुद्ध असत्यकथन वाटते, आणि ते असत्य अशा माणसाला सांगितले जाते, ज्याला पडताळून पाहण्यास दुसरे साधन नाही. पणतीला आपला वर्ण पणजीकडून आला, हे तिला कळूच नये अशी ही तजवीज आहे! यज्ञातील कर्मे ऋत्विजांकडून करवून घेता येतात, परंतु यजमानाच्या जागी प्रतिनिधी चालत नाही, असा मीमांसकांचा निर्णय आहे. छपाई खुशाल लॅबवर सोपवावी. मात्र हळदीचा पिवळा तोच आहे की नाही, शालूचा हिरवा आणि कातडीचा रंग खरा आहे की नाही, हे ठरवण्याचे मुखत्यारपत्र कोणाला देऊ नये. घरातल्या कोणीतरी नमुन्याची प्रत हाती घेऊन, प्रत्यक्ष शालूशेजारी दिवसाच्या उजेडात धरून, मगच संमती द्यावी.

अंबाबाईच्या मूळ मूर्तीची झीज होऊ नये म्हणून अभिषेक उत्सवमूर्तीवर केले जातात, आणि २०१५ साली मूळ मूर्तीवर संवर्धनाची प्रक्रियाही झाली. नित्य सेवेचे रूप आणि जपण्याचे रूप निराळे ठेवल्याने भक्तीत अंतर पडत नाही, हे या नगरीला शिकवावे लागत नाही. तोच विवेक अल्बमच्या बाबतीत ठेवावा: पाहुण्यांनी हाताळायच्या, आत्याला परगावी पाठवायच्या प्रती घरी छापाव्यात, त्या चुरगळल्या तर पुन्हा छापाव्यात; लॅबचा अल्बम कोरड्या कपाटात राहावा, आणि मूळ फाइली दोन वेगवेगळ्या ठिकाणी.

आणखी एक काम कोणतेही यंत्र करीत नाही. अंतरपाट धरणारे हे कोण, ही करवली कोणाची, मागे उभे असलेले फेटेवाले गृहस्थ कोणत्या गावचे, याची नावानिशी आणि नात्यानिशी यादी, आजी सांगेल तशी, करून ठेवली पाहिजे. ती फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, कारण वळ पुढच्या बाजूला उमटतो. वेगळ्या कागदावर लिहून अल्बमच्या पहिल्या पानात ठेवावी.