डाळिंब आणि शिंगाडा

सौसरच्या बाजारात डाळिंब आणि शिंगाडा शेजारी शेजारी मांडले, तरी ही दोन्ही एका कुळातली आहेत असे कोणाच्या मनात येणार नाही. एक झाडाला लागते, दुसरा तळ्यात. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही दोघांना वेगवेगळी कुळे दिली होती आणि खाडीकाठच्या चिपीला तिसरे. डीएनएने ही वाटणी मोडली. आज मेंदी, तामण, धायटी, डाळिंब, शिंगाडा आणि चिपी ही सगळी एकाच कुळात धरली जातात. महाराष्ट्राचे राज्यपुष्प तामण आणि 2020 मध्ये राज्याचा कांदळवृक्ष ठरलेली पांढरी चिपी यांचेही नाते लागते.

पुरावा तसा समोरच होता. डाळिंबाच्या टोकावरचा मुकुट म्हणजे फूल झडल्यावरही न गळलेली निदले. शिंगाड्याची शिंगे हीसुद्धा निदलेच, कडक आणि टोकदार झालेली. पण कोणते साम्य वारशाने आलेले आणि कोणते परिस्थितीने घडवलेले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पाण्यात वाढणाऱ्या, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या वनस्पतीही सारख्या दिसू लागतात. सौसर तालुक्यात मोहगाव आहे, छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलाँ आहे. नावे जुळली म्हणून एक गाव दुसऱ्यातून फुटले असे ठरत नाही. मोहाची झाडे दोन्हीकडे असली की तेवढे पुरते.

रेणूंकडे वळण्याचे कारण हेच. हरितलवकातल्या एका जनुकात चौदाशेच्या आसपास अक्षरे असतात आणि प्रत्येक अक्षर ही तुलनेची एक स्वतंत्र जागा. 1993 मध्ये मार्क चेस आणि सहकाऱ्यांनी याच जनुकावरून सुमारे 500 बीजधारी वनस्पतींची वंशावळ मांडली. पुढे अशाच कामातून जुनी कुळे विरघळली, नवी जुळली.

पण अक्षरे वाचली की नाते आपोआप समोर येते, असे नाही. फक्त दहा वनस्पती घेतल्या तरी त्यांच्या वंशावळीच्या शक्य मांडण्या 3,44,59,425 होतात. त्यांतली कोणती खरी, हे निवडायला गणित लागते आणि प्रत्येक गणितामागे अक्षरे कशी बदलतात याविषयीचे एक गृहीतक असते. अक्षरांचे प्रकार चारच, त्यामुळे तोच बदल दोन शाखांत स्वतंत्रपणेही होतो. झपाट्याने बदललेल्या दोन शाखा नाते नसताना एकत्र ओढल्या जाऊ शकतात, हे जोसेफ फेल्सनस्टाईन यांनी 1978 मध्येच दाखवले. म्हणजे फसवे साम्य रेणूंतही असतेच. फरक इतकाच, की तिथे ते मोजता येते.

रेणूंना आणखी एक गोष्ट सांगता येत नाही: केव्हा. झुकरकँडल आणि पॉलिंग यांनी 1960च्या दशकात रेणवीय घड्याळाची कल्पना मांडली. बदल ठराविक गतीने साचत असतील, तर फरकावरून काळ काढता येईल. मात्र ती गती ठरवायला वय माहीत असलेले काहीतरी बाहेरून आणावे लागते. इथे मोहगाव कलाँचा दगड कामाला येतो.

दख्खनचा लाव्हा थांबून थांबून वाहिला. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी भरली, झाडे वाढली आणि त्यांचे अवशेष सिलिकेत गोठले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या गारेसारख्या दगडात फळाच्या पेशींच्या भिंतीही शाबूत आहेत. दगड कापायचा, आम्लाने पृष्ठभाग किंचित झिजवायचा, त्यावर पातळ पापुद्रा चढवून सोलायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. बिरबल साहनी यांनी 1943 मध्ये मोहगाव कलाँच्या एका बोंडाला एनिग्मोकार्पॉन नाव देऊन ते मेंदी-तामणाच्या कुळाजवळ ठेवले. पुढच्याच वर्षी व्ही. बी. शुक्ल यांनी तिथल्याच एका फुलाचे वर्णन केले, त्याला साहनींचे नाव दिले आणि त्या बोंडाशी त्याचा संबंध जोडला. नागपूरच्या श्यामला चितळे यांनीही या दगडांवर काम केले.

या दगडात डीएनए नाही. आजवर वाचलेला सर्वांत जुना डीएनए सुमारे 20 लाख वर्षांचा आहे. त्यामुळे त्या बोंडाचे कूळ पुन्हा आकारावरूनच ठरवावे लागते, म्हणजे ज्या साम्यावर आपण अविश्वास दाखवला त्याच्याच भरवशावर. शिवाय असा जीवाश्म कुळाची जन्मतारीख सांगत नाही. तोवर ते कूळ अस्तित्वात आले होते एवढेच सांगतो. रेणूंचा कालक्रम अशा किमान वयांवर उभा असतो. जीवाश्म चुकीच्या फांदीवर टांगला, तर साऱ्या तारखा घसरतात.

म्हणून रेणू आले आणि दगड पाहणाऱ्यांचे काम संपले, ही समजूत मला उलटी वाटते. डाळिंबाचे पान कोणत्याही प्रयोगशाळेत नेऊन त्याचा डीएनए पुन्हा वाचता येईल, उद्या आजच्यापेक्षा स्वस्तात. मोहगाव कलाँचा थर मात्र जिथे आहे तिथेच आहे. त्याची गिट्टी झाली, तर नाती कळत राहतील. ती केव्हापासूनची, हे विचारायला जागा उरणार नाही.