बर्व्यांची पत्रं

डेस्कवर आलेलं प्रत्येक पत्र मी सारख्याच नजरेने पाहतो का? मला न पटणाऱ्या पक्षाच्या नेत्याने कागद दिला, की मी जावक क्रमांक बघतो, सही जुन्या सहीशी ताडून पाहतो, संबंधित कार्यालयात दोनदा फोन लावतो. माझ्या विचारांच्या माणसाकडून तसाच कागद आला, तर मथळा आधी सुचतो. ज्याच्यावर बातमी आहे त्याला रात्री दहाला एक फोन करायचा. त्याने उचलला नाही, की ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य शेवटी जोडायचं. नियम पाळला जातो. पण त्याने फोन उचलू नये, असंच आतून वाटत असतं आणि ते मला कळतही असतं.

अशा वेळी १८८२ चा कोल्हापूर खटला आठवतो. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज तरुण होते. त्यांना वेडे ठरवून त्यांचे हाल चालले आहेत, म्हणून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने कारभारी माधवराव बर्व्यांवर टीकेची झोड उठवली. बर्व्यांची म्हणून हाती आलेली पत्रं त्यांनी आधाराला घेतली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रं बनावट निघाली. या पत्रांचे संपादक टिळक-आगरकर यांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले.

त्यांची कणव मात्र अस्थानी नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झटापट होऊन महाराजांचा अंत झाला. अन्याय डोळ्यांपुढे घडत असताना त्याचाच पुरावा म्हणून आलेला कागद कोण उलटून-पालटून बघतो? मी तरी बघितला असता असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हणूनच ज्या बाजूने माझा जीव तुटतो, तिच्या बातमीची मला जास्त धास्ती वाटायला हवी.

आमच्या धंद्यात ते १०१ दिवस अभिमानाने सांगतात. मीही सांगत आलो. त्या गोष्टीत बर्वे केवळ खलनायक म्हणून येतात. ते कारभारी म्हणून कसेही असोत, ती पत्रं त्यांची नव्हती. तेवढ्यापुरता अन्याय त्यांच्यावर झाला होता. हे मला पटतं, तरीही माझं मन अजून त्यांच्याकडे वळत नाही.