दोष कोणाचा?

एखादें संकट ओढवलें कीं मनुष्य आधीं उपाय शोधीत नाहीं. आधीं अपराधी शोधतो. मूल नापास झालें तर आईबाप मास्तरांवर खापर फोडतात, मास्तर घरच्या वळणावर, आणि ज्याला घराशीं व शाळेशीं कांहीं कर्तव्य नाहीं असा तिऱ्हाईत त्या मुलाच्या जातीवर किंवा वंशावर. न्यायबुद्धि हें मनुष्याचें भूषणच होय. परंतु अपराधी ठरला म्हणजे आपलें काम संपलें, असें मानणारी न्यायबुद्धि नीतीची कीं आळसाची, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. जेम्स कोमर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचें चरित्र त्यावर चांगला प्रकाश टाकतें.

कोमर यांचा जन्म 1934 सालीं इंडियाना राज्यांतील ईस्ट शिकागो या गांवीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. वडील पोलादाच्या कारखान्यांत मजूर. आई मॅगी हिला शिक्षण फारसें लाभलें नव्हतें, व ती परक्यांच्या घरीं कामें करी. या दांपत्याच्या पांच मुलांनीं मिळून 13 पदव्या मिळविल्या. परंतु कोमर यांच्या मनाला बोचत राहिली ती बालपणच्या तीन सवंगड्यांची गोष्ट. बुद्धीनें ते कोमर भावंडांहून उणे नव्हते. तरी एक दारूपायीं अकालीं मेला, दुसऱ्याच्या आयुष्याचा मोठा भाग तुरुंगांत गेला, आणि तिसऱ्याला मनोरुग्णालयाच्या वाऱ्या चुकल्या नाहींत. वर्ण तोच, गांव तेंच; मग फरक पडला कोठें? साधा डॉक्टर होण्यास निघालेला हा तरुण या प्रश्नापायीं मुलांच्या मनाच्या वैद्यकाकडे वळला.

1968 सालीं येल विद्यापीठाच्या बालअध्ययन केंद्रातर्फे त्यांनीं न्यू हेवन शहरांतील दोन प्राथमिक शाळा हातीं घेतल्या. बहुतेक मुलें गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील. गुणांच्या दृष्टीनें शहरांतील 33 शाळांत या दोन अगदीं तळाशीं. पहिल्या वर्षीं गोंधळ आणि पालकांचा रोष हेंच पदरीं पडलें.

कोमर यांनीं सांगितलेला एक प्रसंग मोठा बोधक आहे. दक्षिणेकडील खेड्यांतून आलेल्या आठ वर्षांच्या एका मुलाला नातेवाइकानें कामावर जातां जातां शाळेंत सोडलें. वर्गांत आधींच नवीं मुलें येऊन बाईंची तारांबळ उडाली होती. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटली. मुलानें ती ओळखली, तो घाबरला, बाईंच्या पायाला लाथ मारून पळत सुटला. नेहमींच्या न्यायानें येथें अपराधी ठरविणें किती सोपें! परंतु येथें मंडळी एकत्र बसलीं आणि त्यांनीं विचारलें तें एवढेंच, कीं त्या क्षणीं या मुलाला काय वाटलें असेल? त्यांतून नव्या मुलांच्या स्वागताची रीतच शाळेनें घालून घेतली.

शाळेच्या कारभारासाठीं कोमर यांनीं जे नियम घातले, त्यांत एक असा, कीं बैठकींत कोणीं कोणावर दोषारोप करावयाचा नाहीं. यावर रास्त आक्षेप येईल. ज्यांचे पूर्वज बाजारांत विकले गेले, त्यांना दोषाची भाषा सोडा असें सांगणें हा जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार नव्हे काय? बलवानाला तर असला नियम सोयीचाच.

हा आक्षेप कोमर यांना ठाऊक नव्हता असें नाहीं. 1972 सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बियाँड ब्लॅक अँड व्हाइट’ या ग्रंथांत त्यांनीं वर्णद्वेषाच्याच प्रश्नाला हात घातला. इतिहासाच्या न्यायासनापुढें गुलामगिरी गुन्हेगार आहेच; तेथें क्षमेचा प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु शाळेच्या बैठकींत समोरासमोर बसतात ती एक भेदरलेली आई आणि एक थकलेली शिक्षिका. तेथें आरोप झाला कीं दोघींचीं तोंडें मिटतात, आणि दंड भरावा लागतो तो मुलाला. शिवाय हा नियम एकटा नव्हता. शाळेचा कारभार पाहणाऱ्या समितींत पालकांना जागा होती, आणि निर्णय मतांच्या बेरजेनें न होतां सर्वसंमतीनें व्हावयाचे. म्हणजे दुबळ्यानें गाऱ्हाणें बाजूस ठेवावयाचें, तर सबळानें आपली एकतंत्री सत्ता. माझ्या मतें सारें मर्म येथेंच आहे. सत्ता न वांटतां ‘झालें गेलें विसरा’ म्हणणें ही लबाडी. सत्ता वांटून घेऊन तेंच म्हणणें हा सहकार.

1984 पर्यंत या प्रयोगांतील दोन शाळांच्या चौथीचीं मुलें शहरांत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर आलीं. वस्ती तीच होती, दारिद्र्यही तेंच. यावरून दारिद्र्य आणि वर्णद्वेष यांचा दोष कमी होतो, असें कोणीं समजूं नये. इतकेंच दिसतें, कीं दोष कोणाचा याचा निकाल लागेपर्यंत मूल थांबत नाहीं. तें वाढतच असतें. निकाल अवश्य लागावा. पण तोंवर त्या मुलाचा हात कोणीं धरावयाचा, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावें.